ढोलकीच्या चार सेकंदांपायी गेलेली भुलाबाई

२०२५ची कोजागिरी ६ ऑक्टोबरला होती. यूट्यूबने महिनाभर अडवून ठेवलेला आमचा भुलाबाईच्या गाण्यांचा व्हिडिओ मोकळा झाला ८ ऑक्टोबरच्या रात्री. ते दोन दिवस अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत, म्हणून लिहून काढतेय.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते, चित्रं काढते. ती चित्रं हलती करणारी ताई नाशिकची. आवाजाचं काम अकोल्याच्या एका दादाकडे. गाणाऱ्या म्हणजे माझी मावशी आणि तिच्या दोन मैत्रिणी. नाशिकच्या ताईला मी आजवर प्रत्यक्ष भेटलेली नाही, पण माझ्या भुलाबाईच्या नाकातली नथ कुठल्या बाजूला हलावी यावर आम्ही एकदा दीड तास फोनवर बोललो आहोत.

आमच्याकडे भाद्रपद पौर्णिमेला मातीचे भुलाबाई-भुलोबा, म्हणजे पार्वती-शंकर, बसतात. कोजागिरीपर्यंत मुली रोज सांजच्याला घरोघरी जाऊन टिपऱ्यांवर गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखतात. आता मुली गोळा होतात, पण गाणी दोन-तीनच येतात. मावशीला मात्र रात्र सरेल इतकी येतात. त्यातली तीन घेऊन पाच मिनिटांचा व्हिडिओ करायचा, म्हणजे महिनाभर मुलींना फोनवर बघून शिकता येईल, एवढंच मनात होतं. हे काम त्या महिन्याचंच होतं. दिवाळीत भुलाबाईचं गाणं कोण म्हणतं?

रेकॉर्डिंग निंदणाच्या दिवसांत, रात्री नऊनंतर झालं. खोलीत चहूबाजूंनी गोधड्या टांगल्या, पंखा बंद, फोन उशीवर. तिघी घामाघूम झाल्या, पण एकीनेही तक्रार केली नाही. चित्रं, रंग, जुळवाजुळव सगळं पार पडलं.

७ सप्टेंबरला, पौर्णिमेच्याच रात्री, मी व्हिडिओ चढवायला बसले. त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. गच्चीवर फोन धरून बसले होते, एक डोळा चंद्रावर आणि एक टक्केवारीवर. पहाटे फाइल चढली. सकाळी सात वाजता निरोप आला: तुमच्या व्हिडिओतल्या आवाजावर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे, व्हिडिओ सगळीकडे बंद.

मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "काऊन वं, माह्या मायचं गाणं त्या कोणाचं कसं झालं?"

गाण्याचा काही संबंधच नव्हता. दादाने मावशीच्या आवाजाखाली ढोलकीचा एक चार सेकंदांचा तुकडा वापरला होता. तो विकत घेतलेल्या संचातला, परवान्यासकट, कोणीही आपल्या गाण्यात वापरावा असा. तोच तुकडा आणखी कोणीतरी आपल्या गाण्यात वापरला. त्याने ते गाणं एका वितरण कंपनीला दिलं आणि कंपनीने ते आपोआप आवाज ओळखणाऱ्या यादीत टाकलं. यंत्राला चार सेकंद सारखे दिसले, की त्याच्या लेखी आपलं गाणं त्यांचं. खरं म्हणजे सगळ्यांना मिळणारा असा तुकडा त्या यादीत टाकायचाच नसतो. नियम तसाच आहे. पण टाकताना कोणी तपासत नाही, तपासायचं काम आपल्यावर येतं.

हरकतीच्या अर्जात कारण निवडायचं होतं: काम स्वतःचं, परवाना आहे, वाजवी वापर, की सार्वजनिक मालकीचं. लोकगीत कोणा एकाच्या मालकीचं नसतं, म्हणून मी शेवटचं निवडणारच होते. आजीपासून गाणं कसं आलं हे अर्धं पान लिहूनही झालं होतं. दादाने थांबवलं. दावा शब्दांवर किंवा चालीवर नाही, ध्वनिमुद्रणावर आहे. गाणं कितीही जुनं असो, त्याचं नवं ध्वनिमुद्रण करणाऱ्याचा त्या मुद्रणावर आपल्या कायद्याने ६० वर्षं हक्क असतो. तेव्हा "परवाना आहे" हेच खरं उत्तर. संचाचं नाव, खरेदीची तारीख, परवान्यातलं ते वाक्य आणि कितव्या सेकंदाला ढोलकी येते, एवढंच लिहायचं. अर्ध्या पानाचं सगळं खोडलं. खोडताना रडू आलं, हे खरं.

८ सप्टेंबरला हरकत गेली. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस. भुलाबाईही महिन्याचीच.

रोज संध्याकाळी आमच्या गल्लीतून टिपऱ्यांचा आवाज यायचा आणि मी फोन उघडायचे. "उत्तराची वाट पाहत आहोत." कंपनीला तीन मेल केले, एकाचंही उत्तर नाही. ढोलकी काढून नवी वाजवून पुन्हा चढवावं असं ताई दुसऱ्याच आठवड्यात म्हणाली होती. पण टिपऱ्यांची प्रत्येक हालचाल त्याच ठेक्यावर बसवलेली होती, आणि मावशीचं एकच, "आपलं हाय तं आपण काऊन कापाव?" मलाही ते पटलं. आज वाटतं, तेव्हाच कापायला हवं होतं.

सगळ्यात जास्त चीड याची, की व्हिडिओ पूर्ण बंद केला असेल तर हरकतीची पहिली पायरी सोडून थेट अपील करता येतं, आणि तिथे समोरच्याला ७च दिवस मिळतात. हे मला ऑक्टोबरात कळलं. त्यात जोखीम आहे. समोरचा अडला तर थेट व्हिडिओ काढून टाकण्याची नोटीस देऊ शकतो आणि मग आपल्या खात्यावर ताकीद (स्ट्राइक) लागते. पण परवाना हातात असेल तर थेट अपीलच करा.

कंपनीने शेवटपर्यंत उत्तर दिलंच नाही. ३० दिवस संपले आणि दावा आपोआप गळून पडला. हो नाही, नाही नाही. नुसतं बसून राहिले.

कोजागिरीला मी फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि मावशीच्या अंगणात टीव्ही काढला. ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई, बाजूला दूध आटतंय, समोर अकरा मुली. तिसरं गाणं त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्यांदा लावल्यावर धाकट्या दोघी मावशीच्या आधी ओळ म्हणायला लागल्या.

हो, एक राहिलं. एकत्र काम करताना कोणाचं काय, हे आधी कागदावर लिहून सह्या घ्या. आम्ही ते ऑक्टोबरनंतर केलं. हक्क लिहून देताना मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गाणाऱ्यांचाही आपल्या सादरीकरणावर हक्क असतो, तो ५० वर्षांचा. मावशीला हे वाचून दाखवलं तर तिने सही करायच्या आधी दोन्ही मैत्रिणींना बोलावून आणलं. आणि सुरुवातीलाच सगळ्यांनी एकच फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते ठरवा. माझं २४, ताईचं २५, त्यात चार दिवस गेले होते.

यंदाची ढोलकी गावातल्याच एका काकांकडून वाजवून घेतली आहे. पौर्णिमेच्या महिनाभर आधीच फाइल खासगी ठेवून चढवणार आहे, कारण दावा असेल तर तो तिथेही दिसतो.