पोटात पाय

दुपारी जरा आडवी झाले आणि नजर माशांच्या टाकीवर गेली. काचेवर हिरवा थर धरला होता आणि त्यातून कुणीतरी नागमोडी वाट कोरत गेलं होतं. वाटेच्या टोकाला वाटाण्याएवढी गोगलगाय. काचेतून तिचं तोंड स्पष्ट दिसत होतं. उघडायचं, चाटायचं, मिटायचं. पुन्हा उघडायचं. झोप गेली ती गेलीच.

‘गोगलगाय आणि पोटात पाय’ ही म्हण लहानपणी आजीकडून माझ्या वाट्याला फार आली, का ते विचारू नका. पुढे जीवशास्त्राच्या तासाला या प्राण्यांच्या वर्गाचं नाव कळलं, गॅस्ट्रोपॉड. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ पोट-पाय! म्हण आधी की नाव आधी, हा वाद मी तेव्हाच आजीच्या बाजूने निकालात काढला.

आजोबांचं गोगलगायींबद्दल मत चांगलं होतं. खाडीच्या धक्क्यावर ओहोटीला उतरताना पायऱ्या बुळबुळीत असायच्या. ते म्हणायचे, “शंख दिसतील तिथे पाय टाक.” तिथला दगड खरखरीत लागायचा, कारण शेवाळ खरवडलेलं असायचं. गोगलगायीची जीभ म्हणजे दातेरी कानसच. खडकाला चिकटून बसणाऱ्या लिंपेट नावाच्या गोगलगायीच्या दातांत तर गोथाइट हे लोखंडाचं खनिज असतं. २०१५ साली ते दात ताणून पाहिले, तर कोळीकिड्याच्या धाग्यालाही भारी निघाले.

पण कानस किती पुरणार? शेतातलं खत आणि गावाचं सांडपाणी खाडीला येऊन मिळतं. खाऱ्या पाण्यात शेवाळाला बहुधा नायट्रोजनचीच चणचण असते. ती भागली की ते माजतं. त्यातही उल्वा हे पानासारखं पसरणारं हिरवं समुद्री शेवाळ. हिचं पान दोन पेशींइतकंच जाड, म्हणजे सगळं अंग शोषायलाच. २००८ साली ऑलिंपिकच्या शिडाच्या शर्यतींआधी चीनमधल्या छिंगदाओच्या किनाऱ्यावर हीच येऊन थडकली. दहा लाख टनांच्या आसपास शेवाळ उपसावं लागलं. माणसांनी, बोटींनी, फावड्यांनी. तिथे गोगलगायीला कोण विचारतो!

आणि खत बेताचंच वाढलं, तर वेगळीच गंमत. शेवाळ जोमाने उगवतं, गोगलगायी जोमाने खातात, काठ होता तसाच दिसतो. बघणारा म्हणतो, खाडी झकास आहे. खाल्लेल्यातला काही नायट्रोजन त्या पुन्हा पाण्यातच सोडतात, ते निराळंच. मग एखाद्या वर्षी शेवाळ हाताबाहेर जातं, त्याची गादी कुजते, पाण्यातला प्राणवायू संपतो, सडक्या अंड्यांचा वास सुटतो. पळून जाता येत नाही ते आधी मरतात. पोटात पाय असलेल्याने पळायचं तरी किती?

आजोबा गेल्यावर त्या धक्क्यावर मी एकदाच गेले. पायऱ्या वरपासून खालपर्यंत हिरव्यागार होत्या. शंख शोधले. मग कठड्याला धरून उतरले.

टाकीतली आता वरच्या कोपऱ्यात पोचली आहे. खाली, जिथून तिने सुरुवात केली होती, तिथे पुन्हा हिरवट झाक दिसते. माशांच्या खाण्याचा डबा माझ्याच उशाशी आहे. चिमूट टाकताना हात सैल सुटतो, हे घरातले बरेच दिवस सांगताहेत. आज अर्धीच टाकली. मासे काचेशी येऊन माझ्याकडे असे बघत राहिले की उरलेली अर्धीही टाकली.