‘अन्वयिसुवुदिल्ल’ हा शेरा मिळेपर्यंत

घरात स्प्रिंकलरचे, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचे, पाइप जोडायला एका घराला चार दिवस लागले. ‘तुम्हाला परवानगी लागत नाही’ एवढं एक वाक्य कागदावर मिळवायला तीन महिने. आधी त्या तीन महिन्यांबद्दलच लिहितो.

बेळगावजवळच्या एका नव्या लेआउटमध्ये तळमजला अधिक एक अशी पाच घरं एकदम उठायची होती. पाचही घरांत स्प्रिंकलर बसवू, माल एकत्र आणला की स्वस्त पडेल, हा आग्रह माझा. पाइपिंगचं काम करतो म्हणून. पाचही घरची माणसं ‘होय की, बघूया’वर आली आणि आर्किटेक्टने मंजुरीच्या नकाशावर मोठ्या अक्षरांत ‘फायर फायटिंग सिस्टिम’ असं छापलं. तिथेच घोडं अडलं.

मंजुरीच्या टेबलावर प्रश्न आला: फायर आहे, मग फायर खात्याचं ना-हरकत पत्र कुठं? त्या खात्यात गेलो. तिथलं उत्तर: ते पत्र उंच इमारतींना लागतं, दुमजली घराला लागूच नाही. बरं, मग तसं लिहून द्या. तर म्हणे, जे लागूच नाही त्याचं पत्र कसं देणार? पुन्हा पहिल्या टेबलावर. ‘लिहून आणा.’ पुन्हा दुसऱ्या. ‘नाळे बन्नी.’ हे ‘उद्या या’ फेब्रुवारीत सुरू झालं. दोघांपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं, म्हणून तर भांडताही येईना. जो माणूस सक्ती नसताना स्वतःच्या पैशाने सोय करतो त्याच्यासाठी अर्जात रकानाच नाही. शटरचं दुकान काढून वर राहणारा मात्र सरळ सुटतो.

या फेऱ्यांत खरं नुकसान पाठिंब्याचं झालं. पाचांतले दोघे म्हणाले, अण्णा, ते नाव काढून टाका, आमचा नकाशा सुटू दे. त्यांचंही बरोबर. मृगाच्या आत पाया वर आला नाही तर आपल्याकडच्या पावसात खड्ड्यांची तळी होतात.

सुटका झाली ती माहितीच्या अधिकारामुळे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. कर्नाटकात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, नाहीतर परत येतो. पाल्हाळ न लावता एवढंच मागितलं: या उंचीच्या स्वतंत्र निवासी घराला ना-हरकत पत्र लागू असल्यास त्या नियमाची प्रत द्यावी. अर्ज कन्नडमध्येच लिहून घेतला. मराठीचा हट्ट आपला खरा, पण या कामात तो वेळ खातो. आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडलं नाही. सत्ताविसाव्या दिवशी उत्तर आलं, एका शब्दाचं: ‘अन्वयिसुवुदिल्ल’. लागू नाही. त्याची झेरॉक्स पाचही अर्जांना लावली आणि नकाशे सुटले. (पहिल्याच आठवड्यात हे सुचलं असतं तर!) तुमच्यावर ही वेळ येऊ नये असं वाटत असेल तर मंजुरीच्या नकाशावर ‘फायर’ शब्द छापण्याआधी आर्किटेक्टला विचारून घ्या, की घरातल्या पाइपचा तपशील त्या नकाशात लागतो का. बहुतेक वेळा तो वेगळ्या प्लंबिंगच्या नकाशात जातो.

आता माणसं कशी वळली ते. सिनेमात एक काडी पेटते आणि सगळ्या छतातून पाऊस पडतो. निम्मा विरोध त्या सिनेमाचाच. प्रत्यक्षात प्रत्येक हेडमध्ये, म्हणजे पाणी फवारणाऱ्या तोटीत, काचेची छोटी नळी असते, लाल असेल तर ६८ अंशांना फुटते आणि तेवढंच एक हेड उघडतं. धुराचा संबंध नाही. समई, अगरबत्ती, मिरचीची फोडणी, कशानेही ते उघडत नाही. एका काकूंना बोलून पटेना, तेव्हा हेड त्यांच्या हातात दिलं आणि पाण्याचं आधण दाखवलं. दोन मिनिटांत होकार. पत्र्याच्या खाली किंवा गॅसच्या जवळ मात्र लाल नको; पिवळं ७९ चं किंवा हिरवं ९३ चं घ्या.

दुसरा मुद्दा शिकलेल्यांचा. कॅलिफोर्नियात २०११ पासून नव्या घरांना स्प्रिंकलर सक्तीचे आहेत, असं मी सांगितलं. ‘तिथं लाकडी घरं, आमचं आरसीसी.’ स्लॅब जळत नाही हो, पण सोफ्याचा फोम, गाद्या, पडदे जळतात, आणि माणसं त्याच धुराने गुदमरतात. म्हणून धुराचा अलार्मही हवाच. स्प्रिंकलर त्याच्या जागी चालत नाही.

तिसरा मुद्दा अस्सल इथला: नळाला पाणी दिवसाआड, आणि तुम्ही छतातून शिंपडता? हिशेब असा. घरगुती हेडला अर्ध्या बारचा दाब मिळाला की मिनिटाला सुमारे ४९ लिटर पाणी पडतं. एका-दोन कुटुंबांच्या घरांसाठीचं अमेरिकन मानक, एनएफपीए १३-डी, दोन हेड १० मिनिटं चालतील एवढं पाणी धरतं. म्हणजे साधारण १,००० लिटर, एक नेहमीची काळी टाकी. ती वेगळी ठेवा. पाणी आधी हिच्यात पडू दे आणि ओसंडून घरच्या टाकीत जाऊ दे. पाणी शिळं होत नाही आणि उन्हाळ्यात ही टाकी कुणी चुकून रिकामीही करत नाही.

दाबाचं गणित मात्र कुणी सांगत नाही. १० मीटर उंचीला एक बार. गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या हेडपासून जेमतेम दोन मीटर वर, म्हणजे पाणी नुसतं ठिबकणार. दीड एचपीचा पंप लागतो, आणि त्याची वायर मेन स्विचच्या आधीपासून स्वतंत्र हवी, नाहीतर आग लागल्यावर कुणीतरी मेन पाडतो आणि पंपही बंद. वीज गेली तर घरचा साधा इन्व्हर्टर हा पंप उचलत नाही. म्हणून टाकी जिन्याच्या खोलीवर चढवली आणि पंपाला वळसा घालणारी लाइन (बायपास) दिली, पाणी उलटं जाऊ न देणाऱ्या व्हॉल्व्हसह (एनआरव्ही). वीज नसताना निदान तळमजल्यावरच्या एका हेडला जेमतेम का होईना दाब मिळतो. वरच्या मजल्याला त्या वेळी काही नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

उभी लाइन सव्वा इंची, फांद्या एक इंची. पाइप नारिंगी सीपीव्हीसी (एक प्लास्टिक), स्प्रिंकलरसाठीच्या आयएस १६०८८ या भारतीय मानकाचा, नळाचा नाही. आटे टेफ्लॉन टेपने बसवा. प्लंबर सवयीने सफेदा (आट्यांना लावायची पेस्ट) लावतो, त्यातल्या तेलाने सीपीव्हीसीला चिरा जातात, त्याही काही महिन्यांनी, छत बंद झाल्यावर. चाचणी पाण्यानेच करा. कंप्रेसरने हवा भरली तर हा पाइप फुटून तुकडे उडतात.

हेड पंख्याच्या मध्यापासून तीन फूट लांब, खाली दीड फूट मोकळं. माळ्यावर छतापर्यंत गाद्या रचल्या की हेड असून नसल्यासारखं. बीममधून पाइप जायला दोन इंची स्लीव्ह, म्हणजे नळीचा तुकडा, काँक्रीटच्या आधीच टाका. नंतर बीम कोरायला कुठलाही इंजिनियर तयार होत नाही, व्हायलाही नको.

हो, एक राहिलंच. दिवाळीच्या रंगकामात पेंटरने एका हेडवर ब्रश फिरवला. थिनरने पुसायच्या भानगडीत पडू नका, हेड बदलायचं. पाच घरांत मिळून सहा जादा हेड आणि एक पाना कपाटात ठेवला होता, त्यातलं एक लागलं. आणि गणपतीच्या मखराच्या माळा हेडना टांगायच्या नाहीत, हे मुलांना दरवर्षी सांगावं लागतं.