तुम्ही विचारलंत म्हणून: रोज पाणी घालूनही पानं पिवळी का पडतात?

कुंडीतल्या झाडांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हा: "रोज न चुकता पाणी घालते, खतही दिलं, तरी पानं पिवळी पडून गळतायत. काय चुकतंय?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते, म्हणून उत्तर देताना मलाही जपून बोलावं लागतं. कारण चुकतंय ते बहुतेक वेळा त्या "रोज न चुकता"मध्येच.

मीही हे केलंय. उन्हातला एक मोगरा आडोशाला हलवला आणि पाणी मात्र पूर्वीइतकंच घालत राहिले. महिन्याभरात तो मलूल झाला. पानं खाली झुकलेली बघून मला वाटलं तहानलाय, म्हणून आणखी पाणी घातलं. शेवटी कुंडी आडवी करून मातीचा गड्डा बाहेर काढला, तर आंबूस वास आला. मुळं तपकिरी, बुळबुळीत झाली होती. एक मूळ चिमटीत धरून ओढलं तर वरची साल गळून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला. निरोगी मूळ पांढरट असतं, ओढलं तरी टिकतं.

मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत थोडं पाणी, थोडी हवा असायला हवी. शेतकऱ्यांकडे यासाठी नेमका शब्द आहे: वाफसा. पोकळ्या सतत पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. म्हणून ओल्या मातीत उभं असलेलं झाडही तहानल्यासारखं कोमेजतं. झारी उचलायच्या आधी बोट मातीत घाला. दोन पेरं आत ओल लागली तर आज पाणी नाही. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असेल तर वरच्या थरावर अजिबात विश्वास ठेवू नका, वर कोरडं ठणठणीत आणि आत चिंब असतं. त्यापेक्षा कुंडी उचलून बघा, आठवड्याभरात हाताला वजन कळायला लागतं.

मोगऱ्याच्या बाबतीत मूळ कारण पाणी नव्हतंच, उजेड होता. उजेड कमी झाला की झाडाची वाढ मंदावते, पानांतून उडणारं पाणी कमी होतं, म्हणजे तहानही कमी होते. म्हणून "किती दिवसांनी पाणी घालू?" याला मी आकडा सांगत नाही. तेच झाड, तीच कुंडी, पण जागा बदलली की हिशेब बदलतो.

"छोट्या रोपाला मोठी कुंडी दिली तर बरं ना?" नाही. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. आधीच्या कुंडीपेक्षा दोन-तीन बोटं रुंद पुरे. आणि तळाला खडी घातल्यानं निचरा सुधारतो, हा समज कृपा करून सोडा. बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, खडीच्या वर अडून राहतं, म्हणजे ओला थर उलट मुळांच्या आणखी जवळ येतो. भोक मोकळं हवं आणि माती भुसभुशीत हवी, बस.

बागेची मांडणी कशी करू, हेही बरेचजण विचारतात. मी रंग आणि उंची नंतर बघते. आधी दिवसभरात ऊन कुठून कुठे सरकतं ते पाहते आणि सारख्या तहानेची झाडं शेजारी ठेवते. पानांत पाणी साठवणारा स्नेक प्लांट आणि सतत ओल मागणारं नेचं (फर्न) एका रांगेत ठेवलं, की एकाच झारीनं दोघांपैकी एकाचं नुकसान ठरलेलं.

तुमचं झाड आत्ता पिवळं असेल तर पाणी थांबवा, कुंडीखालच्या ताटलीतलं साचलेलं पाणी ओतून द्या. खत तर मुळीच नको, दुखऱ्या मुळांना ते सोसत नाही. माती आठवडाभरातही वाळली नाही तर गड्डा काढून कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीनं कापा आणि मोजक्या मापाच्या कुंडीत नवी माती भरून लावा. पिवळं झालेलं पान परत हिरवं व्हायचं नाही, त्याच्याकडे बघत बसू नका. फांदीच्या टोकाशी बघा. माझ्या मोगऱ्याला तिथेच, बऱ्याच दिवसांनी, तांदळाच्या दाण्याएवढा पोपटी कोंब दिसला होता.