डिस्क १००% आणि पीसी ठप्प, तर आधी हे बघा

टास्क मॅनेजर उघडावं तर सीपीयू निवांत, डिस्कच्या खाली मात्र १००% हलायला तयार नाही, माऊस फिरतोय पण क्लिक केलेलं काहीच उघडत नाही, वर "नॉट रिस्पाँडिंग", आणि मग वैतागून पॉवर बटण दाबून धरायचं. आमच्या घरच्या विंडोज पीसीने हे बरेच दिवस केलं. नेटवर शोधलं की लगेच सल्ले सुरू, सिसमेन (नेहमीचे प्रोग्रॅम आधीच मेमरीत आणून ठेवणारी विंडोजची सर्व्हिस) बंद करा, सर्च इंडेक्सिंग (शोध लवकर लागावा म्हणून फाइलींची सूची बनवणं) बंद करा, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या साठ्यात, अमुक बदला. मला मनापासून वाटतं की आधी काहीही बंद करू नका, आधी नीट बघा.

कारण तो १००% म्हणजे डिस्क किती वेळ कामात अडकली होती त्याची टक्केवारी. किती डेटा गेला-आला हे त्यातून कळतच नाही. त्यासाठी परफॉर्मन्स टॅबमध्ये डिस्कवर क्लिक करा, तिथे खाली रीड स्पीड, राइट स्पीड आणि अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम दिसतो. मोठी फाइल कॉपी होतेय, स्पीड १०० एमबीच्या आसपास आहे आणि वर १००% आहे, तर काळजी नाही, डिस्क राबतेय. पण स्पीड अर्धा एमबीसुद्धा नाही आणि तरी १००%? फिरणाऱ्या हार्ड डिस्कवर हे होऊ शकतं, कारण हेडला एका जागेवरून दुसरीकडे जाऊन वाचायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम १०० उड्या, आणि प्रत्येक उडीत ४ केबीच वाचलं तर झाले ४०० केबी, संपली ताकद. म्हणून चार-पाच प्रोग्रॅम एकदम छोटं छोटं वाचायला लागले की ती गुदमरते.

मग पुढची पायरी रिसोर्स मॉनिटर. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की येतो, त्यात डिस्क टॅब, आणि डिस्क अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये टोटलवर क्लिक करून सॉर्ट करा. इथे फाइलच्या नावासकट कळतं कोण काय वाचतंय. पेजफाइल (रॅममध्ये न मावलेलं डिस्कवर ठेवायची फाइल) सतत वर असेल तर रॅम कमी पडतेय, ४ जीबीवर ब्राउझरचे वीसेक टॅब उघडले की हे होणारच, तिथे सर्व्हिस बंद करून काय मिळणार, रॅम वाढवा. अँटिव्हायरस स्कॅन, अपडेट किंवा इंडेक्सिंग दिसत असेल तर मशीन चालू ठेवून त्यांना एकदा पूर्ण होऊ द्या. अर्धवट असताना बंद केलं की काम राहिलेलंच असतं, पुढच्या वेळी परत सुरू.

आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. यादीत गुन्हेगार असा कोणी नाही, सगळ्याच फाइली, अगदी पिटुकली लॉग फाइलसुद्धा, आणि रिस्पॉन्स टाइमच्या कॉलममध्ये हजारांत मिलिसेकंद! चांगल्या हार्ड डिस्कला हा आकडा दहा-वीस असतो, गर्दीत शंभर-दोनशे. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोज आपल्या नोंदी दाखवतं तिथे, सिस्टिम लॉग बघितला, तिथे डिस्कच्या नावाने १५३ नंबरच्या वॉर्निंग ओळीने पडलेल्या. १५३ म्हणजे वाचायचा किंवा लिहायचा प्रयत्न परत करावा लागला. नंबर ७ दिसला तर सरळ बॅड ब्लॉक, म्हणजे डिस्कवरची खराब जागा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम टाकून स्मार्टचे आकडे (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काढले तर करंट पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न आलेले डिस्कचे तुकडे, शून्य नाहीत. डिस्क एखादा कमजोर सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि तोवर मागची सगळी रांग थांबून राहते, पीसी गोठतो तो असा.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, पेंडिंग सेक्टर दिसले की लगेच चेकडिस्क स्लॅश आर (chkdsk /r, विंडोजची डिस्क तपासायची कमांड) चालवू नका. ते अख्खी डिस्क वाचून काढतं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण पुरेसा होतो. आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे कॉपी करा, सगळ्यात महत्त्वाचं ते पहिलं, मग बाकीचे प्रयोग.

आणि हो, स्मार्टमध्ये फक्त यूडीएमए सीआरसी एररचा (डिस्क आणि पीसीमध्ये डेटा जाता-येता झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल तर डिस्क बहुतेक ठीक असते, डिस्क जोडणारी साटा केबल खराब किंवा सैल असते. केबल बदला. तो आकडा परत खाली येत नाही, त्यामुळे नोंद करून ठेवा आणि पुढे वाढतोय का एवढंच बघा.

आम्ही एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क) बसवली. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, न करता विंडोज नव्याने टाकलं, कारण खराब सेक्टरमधल्या तुटक्या फाइली बरोबर आणायच्या नव्हत्या. सिसमेन, इंडेक्सिंग सगळं चालू आहे आणि काही अडत नाही. जुनी डिस्क फॉरमॅट केल्यावर पेंडिंग सेक्टर शून्य झालेले दिसू शकतात, तरी तिच्यावर बॅकअप ठेवू नका.