कडबा तोडलेला खोंड

प्रदर्शनाच्या खिलार जनावरांबद्दल खूप दिवस लिहायचं मनात होतं, या हंगामातल्या एका केसनं आता राहवेना.

आमच्या माणदेशात, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, सांगोला या पट्ट्यात, खोंडाची पारख शिंगं, वशिंड, पातळ कातडी, खूर आणि अंगाच्या बांधणीवर होते. पोट लोंबलेलं चालत नाही, अंग कसं आवळलेलं पाहिजे. म्हणून प्रदर्शन जवळ आलं की मालक पहिलं काय करतो तर कडबा तोडतो. "कडब्यानं पोट सुटतंय डॉक्टर" हे वाक्य मी दर हंगामात ऐकतो. आणि कडब्याच्या जागी खुराक वाढतो, मक्याचा भरडा, गव्हाचं पीठ, भिजवलेले उडीद, खारीक, दूध, अंडी. लाखाच्या खोंडाला भुसकट घालायची लोकांना लाज वाटते, हे मी स्वतः बघितलंय.

तर हा दुसा, म्हणजे दोन दाती खोंड, काजळी खिलार, अतिशय देखणा. प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी फोन आला की खुराक तोंडाला लावेना आणि चालताना डुलतोय. गेलो तर लांबूनच शेण दिसलं, पातळ, करडं, फेस आलेलं, आंबट वासाचं आणि त्यात मक्याच्या कण्या तशाच. डोळे आत गेलेले. डाव्या भकाळीवर मूठ दाबून हलवली की आत पाणी खळखळत होतं, स्टेथोस्कोप लावला तर कोठीपोट, म्हणजे चारा आंबतो ते पहिलं मोठं पोट, एकदम गप्प, जे निरोगी जनावरात मिनिटाला एकदा-दोनदा तरी हलतं. पुढचे पाय अवघडून उभा होता, म्हणजे पोटाचा त्रास खुरापर्यंत पोचला होता. माझ्या आधी कुणीतरी येऊन डेक्स्ट्रोज आणि लिव्हर टॉनिक देऊन गेलेलं, आणि घरच्यांनी वरनं आंबट ताक पाजलेलं. जे पोट आधीच आम्लानं भरलंय त्यात अजून आम्ल! जनावर खात नाही म्हटलं की न तपासता ग्लुकोज चढवायचं, या पद्धतीचा मला मनापासून राग येतो.

नळी घालून कोठीतलं पाणी काढलं. नळीनं काढताना पहिली धार टाकून द्यायची असते, लाळ मिसळली की पीएच खोटाच चांगला दिसतो. पट्टी बुडवली, ५ च्या खाली. निरोगी जनावरात ६ ते ७ च्या दरम्यान असतो. म्हणजे तीव्र ॲसिडोसिस, पोटात आम्ल साठलेलं, शंकाच नाही.

मग रात्रभर काम. कोमट पाणी आत सोडायचं, बाहेर काढायचं, परत सोडायचं, आंबट लगदा निघेल तेवढा काढला. तोंडावाटे मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, शिरेतून सलाईन आणि सोडाबायकार्ब, बी-१ जीवनसत्त्व, खुराच्या दुखण्या-सुजेसाठी मेलॉक्सिकॅम. पहाटे सगळ्यात महत्त्वाचं काम, निरोगी जनावराच्या कोठीतलं पाणी याच्या पोटात घालणं, कारण याच्या पोटातले चांगले जंतू मेलेले असतात. दावणीला निरोगी होती ती जर्सी. खोंडाचे मालक आण्णा म्हणाले, "खिलाराच्या पोटात जर्सीचं घालायचं व्हय?" मी म्हटलं, आण्णा, जंतूला जात नसते, वेळ घालवू नका. फडक्यातनं गाळून गरम आहे तोवर नळीनं सोडलं. दुपारी खोंडानं शाळूच्या कडब्याचं एक पान ओढलं आणि संध्याकाळी रवंथ केलं. रवंथ करणारं तोंड बघून जो आनंद होतो तो हे काम करणाऱ्यालाच कळेल.

आता मुद्द्याचं. लोक चोथ्याला, म्हणजे कडबा-भुसकटासारख्या चाऱ्याला, नुसती भरती समजतात. अहो, जनावर लांब चारा चावतं, रवंथ करतं म्हणून लाळ सुटते, मोठ्या गाईला दिवसाला १०० लिटरच्या वर, आणि त्या लाळेतच सोडा असतो. कडबा तोडला की लाळ कमी, वर मक्याचं स्टार्च झपाट्यानं आंबतं, लॅक्टिक ॲसिड साठतं, खेळ खलास. कुट्टी मशीननं पीठ केलेला चारासुद्धा उपयोगाचा नाही, इंच-दीड इंच तुकडा पाहिजे. अमेरिकेत शोच्या जनावरांना सरकीचं टरफल आणि भिजवलेला बीटचा चोथा देतात, तिकडे पोट भरदार दिसायला पाहिजे असतं. बीटच्या चोथ्यात स्टार्च जवळजवळ नसतंच, त्यामुळे तो पचतो पण मक्यासारखं लॅक्टिक ॲसिड करत नाही. आपल्याकडे सरकीचं टरफल पेंडीबरोबरच येतं, आणि तुरीचं, हरभऱ्याचं भुसकट तर खळ्यावर पडलेलं असतं.

पण पोटाचं काय, हे आण्णांनी विचारलं आणि प्रश्न रास्त होता. जाड, जून ताटाचा कडबा पोटात जास्त वेळ पडून राहतो, त्यानं पोट मोठं दिसतं हे खरंय. म्हणून चारा तोडायचा नाही, बदलायचा. शेवटच्या आठवड्यात जून ताटं काढून शाळूची पाल्याची बाजू, तुरीचं भुसकट, थोडा लसूणघास, आणि खुराक वाढवायचा तर दोन आठवड्यांत हळूहळू. ५०० किलोच्या जनावराला दिवसाला १०-१२ किलो कोरडं खाणं लागतं, त्यातलं निम्म्याच्या खाली चाऱ्याचं येऊ द्यायचं नाही. हे मी कागदावर लिहून गोठ्यात चिकटवलं.

प्रदर्शनाला नेऊ नका म्हणून मी हट्ट धरला, नेला नाही. आण्णांचा मुलगा अजून नीट बोलत नाही माझ्याशी. खोंड वाचला, पण काही महिन्यांनी खुरांवर आडव्या वळ्या उमटल्या, आणि पारखी माणूस खूर बघतोच.

माझ्या डोक्यात घोळतंय ते असं, की रिंगणात जज पोट आवळलेलं बघून गुण देणार असतील तर मालक कडबा तोडणारच, मी कितीही कागद चिकटवू दे. दावणीला जाऊन शेण बघायला, जनावर रवंथ करतंय का बघायला जजला किती वेळ लागतो? नोंदणीच्या टेबलावर एक पशुवैद्यक बसवला तरी अशी निम्मी जनावरं तिथंच कळतील. हे मी आयोजकांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पुढं काही झालं नाही. कुणी प्रदर्शनाच्या खिलाराला तुरीच्या भुसकटावर ठेवलं असेल तर किती दिलं आणि पोट कसं राहिलं ते मला जरूर कळवा, पुढच्या हंगामाच्या आत पाहिजे.