तुम्ही विचारलंत म्हणून: ऑफिसचे कपडे कुठून घेतेस?

लिफ्टमध्ये, मीटिंग सुरू व्हायच्या आधी, कधी मेसेजवर, हा प्रश्न मला येतोच की तू ऑफिसचे कपडे कुठून घेतेस गं, सगळं इतकं नीट कसं बसतं तुला. प्रत्येक वेळी घाईत अर्धंच उत्तर देते म्हणून आज सविस्तर लिहितेय.

कुठूनही घेते, पण घेतलेला कपडा शिंप्याकडे नेल्याशिवाय घालत नाही. माझं सगळं गुपित एवढंच. रेडिमेड कपडा एका ठरलेल्या मापावर बेततात आणि तोच लहानमोठा करून बाकीचे साइज काढतात, त्यामुळे खांदा बसला की कंबरेत ढगळ होतो, कंबर बसली की दंडाला आवळतो, आणि मग आपण म्हणतो मला शर्ट शोभतच नाहीत. तुम्हाला शोभतात हो, फक्त तो अजून तुमच्या मापाचा झालेला नसतो.

ट्रायल रूममध्ये मी आधी खांदा बघते. बाही जिथे जोडलेली असते ती शिलाई खांद्याचं हाड संपतं तिथेच यायला हवी, दंडावर उतरली तर कपडा दुसऱ्याचा वाटतो आणि आत सरकली तर हात पुढे केला की पाठीवर ताण येतो. लॅपटॉपवर टाइप करतो तसे हात पुढे करून बघा, खुर्चीत बसून बघा, नुसतं आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. खांदा बसत नसेल तर रंग कितीही आवडला तरी मी सोडून देते, कारण बाही आखूड होते, कंबर आत घेता येते, पँटची लांबी कमी होते, पण ब्लेझरचा खांदा बदलायचा म्हणजे अस्तर उघडा, बाही पूर्ण उसवा, आतलं पॅड काढा, आणि एवढं करूनही तो पहिल्यासारखा बसेल याची खात्री नाही.

माझ्या पहिल्या ब्लेझरला मागच्या कटवर पांढऱ्या दोऱ्याची फुली होती. मला ते डिझाइन वाटलं आणि मी तो महिनाभर तसाच घातला. मग एक दिवस एका सीनिअर मॅडमनी मला हळूच बाजूला नेलं, पर्समधून छोटी कात्री काढली, दोरा कापला आणि बोटाने ओढून काढून टाकला. त्यांनीच सांगितलं की कपडा दुकानापर्यंत येताना कट दुमडून चुरगळू नये म्हणून तो टाका घालतात, घालायच्या आधी काढायचा असतो, बाहीवर वरून लेबल शिवलेलं असेल तर तेही. कोणासमोर बोलल्या नाहीत याचं मला आजही फार वाटतं.

पँटची लांबी घ्यायला जाताना ऑफिसचे बूट पायात हवेत, हे मी सगळ्यांना अगदी कळकळीने सांगते. उंच टाचेवर घेतलेलं माप सपाट बुटांवर जमिनीला घासतं आणि कड आठवड्याभरात खराब होते. शिंपी टाचण्या लावत असताना खाली वाकून बघू नका, वाकलं की पँट वर जाते आणि माप चुकतं, सरळ समोर बघा.

काहीजणी विचारतात सूट घातला तर पुरुषी दिसेल का. इव्ह सँ लोराँ या फ्रेंच फॅशन डिझायनरने १९६६ मध्ये पुरुषांच्या टक्सिडोवरून, म्हणजे समारंभात घालायच्या काळ्या सूटवरून, बायकांसाठी 'ल स्मोकिंग' सूट केला, पण पुरुषांचंच माप लहान करून दिलं नाही, बाईच्या शरीरावर बसेल असा तो बेतला. सगळा फरक तिथेच आहे. आणि शनेल या फ्रेंच फॅशन ब्रँडच्या क्लासिक जॅकेटला आतून, अस्तराच्या खालच्या कडेला, एक बारीक साखळी शिवलेली असते, ते जॅकेट सरळ पडावं म्हणून. बाहेरून कोणालाही दिसत नाही, तरी शिवतात. मला हे फार आवडतं.

कापडाचं थोडक्यात सांगते. लिननच्या धाग्याला लवचिकता कमी, चुरगळणारच, महत्त्वाच्या प्रेझेंटेशनला नको. कॉटनला इस्त्री किंचित ओलसर असतानाच करा. लोकरीचा ब्लेझर एक दिवस घातला की दुसऱ्या दिवशी रुंद खांद्याच्या हँगरवर राहू द्या, चुण्या बऱ्याचशा आपोआप जातात.

परवा एकीने विचारलं, पहिली नोकरी आहे, पैसे कमी आहेत, काय घेऊ. एक नेव्ही ब्लू पँट घे, दोन साधे शर्ट घे, आणि थोडे पैसे शिंप्यासाठी बाजूला ठेव. जाताना पिशवीत बूट टाक.