दोन गाड्यांमधला दिवस

शुक्रवार

आमच्या वाडीतील शाळा चौथीपर्यंतच आहे. पुढे शिकायचे म्हणजे खालच्या मोठ्या गावातील माध्यमिक विद्यालयात जायचे, आणि पाटण तालुक्याच्या या डोंगराळ भागात तिथे पोहोचायला एसटीशिवाय दुसरी सोय नाही. त्यामुळे दहावीतील माझा दिवस शाळेच्या घंटेपेक्षा सकाळी साडेनऊला वाडीवरून सुटणाऱ्या आणि संध्याकाळी सव्वासहाला मोठ्या गावातून परत निघणाऱ्या गाडीवरच अधिक ठरतो.

पहाटे साडेपाचला आजी उठवते. आई गोठ्यात धारा काढत असते, तोवर मी पाणी भरते, अंगण झाडते आणि मग इतिहासाचे एखादे प्रकरण वाचायला बसते, कारण पाठांतराचे विषय त्या वेळी चांगले लक्षात राहतात.

गाडीत बसल्यावर पास दाखवला की काम झाले. अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना शाळेसाठी एसटीचा प्रवास मोफत आहे. मुलांना एक तृतीयांश भाडे भरावे लागते. ही सवलत नसती तर आमच्या वाडीतील किती मुलींचे शिक्षण चौथीवरच थांबले असते, या विचाराने मी अस्वस्थ होते.

अकराला परिपाठ होतो. राष्ट्रगीत, 2023 पासून राज्यगीत झालेले ‘जय जय महाराष्ट्र माझा’, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका आणि दिनविशेष झाले की तासिका सुरू होतात. मधल्या सुट्टीत पोषण आहाराच्या खिचडीचा वास आमच्या वर्गापर्यंत येतो, पण तो आहार आठवीपर्यंतच असल्याने आम्ही डबे उघडतो. तो दहावीपर्यंत मिळायला हवा असे मला मनापासून वाटते, कारण सकाळी साडेनऊला निघून सातच्या सुमारास घरी पोहोचणाऱ्या मुलीला भाकरी-भाजीचा एक डबा पुरत नाही.

शाळा पाचला सुटते आणि गाडीला सव्वा तास अवकाश असतो. माझ्या दिवसातील अभ्यासाचा सर्वांत चांगला वेळ हाच आहे. घरी संध्याकाळी स्वयंपाक, धाकट्या भावाचा गृहपाठ आणि कधी गेलेली वीज यांतून सलग अर्धा तासही मिळत नाही. थांब्याच्या शेडमध्ये मात्र कोणी काम सांगत नाही. आम्ही वाडीच्या मुली तिथल्या बाकावर भूमितीची वही उघडतो आणि जिला जे समजले ते तिने इतरांना समजावून सांगायचे, असे आम्ही ठरवून घेतले आहे. आज प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाची सिद्धता मी सांगितली. त्रिकोणांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर त्यात का घ्यायचे, हे मैत्रिणीने विचारल्यावर मला नव्याने विचार करावा लागला, आणि समान उंचीच्या त्रिकोणांची क्षेत्रफळे पायांच्या प्रमाणात असतात हे तिला पटवून देताना ते मलाही पक्के कळले. गणित भाग 2 ची लेखी परीक्षा 40 गुणांची असते. त्यातील सिद्धता आता मला पाठ करण्याची गोष्ट वाटत नाही.

उद्या शनिवार, म्हणजे सकाळची शाळा. रात्री वाडीत थांबलेली मुक्कामी गाडी सव्वासहाला सुटते, तीच धरायची आहे. शाळा साडेअकराला सुटेल आणि परतीची गाडी एकला आहे. त्या दीड तासात वर्तुळाच्या प्रकरणातील स्पर्शिका-छेदिकेची उदाहरणे सोडवायची, असे आम्ही आज गाडीतून उतरतानाच ठरवले आहे.